एकच ईश्वर, एकच पंगत
शीख धर्म एकाच निराकार ईश्वराला मानतो. मूर्तिपूजेला तिथे थारा नाही. नामस्मरण, कष्टाची कमाई आणि वाटून खाणे, ही गुरू नानकांची शिकवण. संन्यास नको, संसारात राहूनच भक्ती करायची. जातिभेदावरचा उपाय तर थेट जेवणातच! लंगरमध्ये, म्हणजे गुरुद्वारातल्या सामूहिक जेवणात, सारे एका पंगतीत जमिनीवर बसतात, दोन्ही हात पुढे करून रोटी घेतात. खरकटी भांडी घासायला लखपतीही बसतो. शंभर प्रवचनांपेक्षा हे परिणामकारक, असे माझे मत. १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी नानकांपासून चालत आलेली देहधारी गुरूंची परंपरा थांबवून धर्मग्रंथालाच गुरुपद दिले. त्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आपल्या संत नामदेवांची ६१ पदे आहेत.