जमीन किती जोरात हलली, की किती वेळ?

त्सुनामी म्हटलं की आपल्याला आधी इशारा देणारी यंत्रणा आठवते. हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये २००७ पासून असं केंद्र चालू आहे. पण या विषयात संशोधन करायचा विचार असेल, तर आधी कागदावर एक छोटं गणित करा. गुरुत्वत्वरण गुणिले समुद्राची खोली, आणि त्याचं वर्गमूळ. हा झाला लाटेचा वेग. ४,००० मीटर खोलीला तो ताशी ७०० किलोमीटर येतो. किनाऱ्यालगत १० मीटर खोलीलाही ताशी ३६. म्हणजे लाट दिसल्यावर पळून उपयोग नाही.

आता २६ डिसेंबर २००४ चा भूकंप घ्या. सुमात्राजवळून निघालेल्या लाटेला चेन्नई गाठायला दोन तासांहून अधिक लागले. सुमात्राजवळच्याच सिमेलुए बेटाला मिळाली जेमतेम दहा मिनिटं. एवढ्या वेळात यंत्रणेचा निरोप गावोगाव पोचणं कठीणच. पण तिथे १९०७ च्या लाटेची आठवण ‘स्मोंग’ या शब्दात आणि आजी-आजोबांच्या गोष्टींत टिकून होती. जमीन हलली आणि लोक टेकड्यांवर गेले. सुमारे ७८,००० वस्तीत सात जण दगावले. त्याच दिवशी आचे प्रांतात दीड लाखाहून जास्त माणसं गेली.

तर मग ‘जोराचा धक्का बसला की पळा’ एवढं पुरेल? नाही पुरत. २०१० मध्ये इंडोनेशियाच्याच मेंतावाई बेटांवर धक्का सौम्य वाटला, फक्त तो बराच वेळ चालला. तळाचा खडक सावकाश फाटत गेला, त्यामुळे हादरे कमी जाणवले. तळ मात्र उचलला गेलाच. ४०० हून अधिक लोक मेले. म्हणून जोर बघू नका, मनात आकडे मोजा. वीस सेकंदांनंतरही हलतंय? मग धक्का थांबताच उंचावर जा, निरोपाची वाट बघू नका. पाणी ओसरण्याचीही वाट बघू नका; ते दर वेळी आधी ओसरतंच असं नाही, कधी थेट चढतं. आणि एक लाट गेली म्हणून खाली उतरायचं नाही. पुढच्या लाटा तासन्‌तास येत राहतात, आणि पहिली सगळ्यात मोठी असेलच असं नाही.

आपल्या पश्चिम किनाऱ्याचं गणित जरा वेगळं आहे. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरान किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. लाट काही तासांनी मुंबईला पोचली आणि इथेही माणसं दगावली. एवढ्या लांबचा धक्का आपल्याला जाणवेलच असं नाही. इथे पायाखालच्या जमिनीपेक्षा इन्कॉइसचा इशाराच कामाचा, आणि हाताशी वेळही जास्त.

कोकणातल्या कुणाला या विषयात काम करायचं असेल, तर सुरुवातीला उपकरण लागत नाही. घरापासून जवळच्या उंच जागेपर्यंत म्हाताऱ्या माणसाच्या चालीने किती मिनिटं लागतात ते मोजा. एकदा दिवसा, एकदा रात्री वीज गेलेली असताना आणि एकदा भर पावसात. तिन्ही आकडे वहीत वेगवेगळे लिहा, सरासरी काढू नका.