अवांती

विमानाचे चित्र काढावयास सांगितले, तर बहुतेक मुले एकसारखेच चित्र काढतात. मध्ये लांबट देह, दोन्ही बाजूंस मोठे पंख, पंखांवर पुढे तोंड केलेले प्रोपेलर आणि अगदी मागे लहानशी शेपूट. ही रचना पाहून पक्ष्याचे स्मरण होते खरे. पण विमान असेच दिसले पाहिजे, असा काही निसर्गाचा नियम नाही. राइट बंधूंनी १९०३ मध्ये जे विमान उडविले, त्याचे प्रोपेलर पंखांच्या मागे होते आणि नाक वरखाली करणारे लहान पंख पुढे होते. पुढे हा क्रम उलटला व तोच रूढ झाला. इटलीतील 'अवांती' या विमानाच्या कर्त्यांनी त्या मागे पडलेल्या मांडणीकडे पुन्हा लक्ष वळविले. इटालियन भाषेत 'अवांती' म्हणजे 'पुढे'. गंमत अशी, की नवख्या माणसास हे विमान प्रथमदर्शनी उलटे चालल्यासारखे वाटते.

हे विमान बांधणाऱ्या पियाजिओ घराण्याचे नाव महाराष्ट्रास अपरिचित नाही. व्हेस्पा स्कूटर याच घराण्याची; १९६० च्या दशकात पुण्याच्या बजाज कंपनीने तिच्या परवान्याने आपल्याकडे स्कूटरी बनविल्या. पियाजिओची तीनचाकी वाहने आजही बारामतीस तयार होतात. व्हेस्पाचा जनक कोर्रादिनो दास्कानिओ हा मुळात विमानविद्येचाच अभियंता होता. १९६० च्या दशकात या घराण्याचा विमानांचा व्यवसाय स्कूटरींच्या व्यवसायापासून वेगळा झाला, आणि त्याच शाखेने १९७९ मध्ये या नव्या विमानाचा विचार आरंभिला.

त्या काळी धनिक व्यापारी आणि मोठ्या कंपन्यांचे अधिकारी यांच्या प्रवासासाठी दोन प्रकारची विमाने होती. जेट विमान वेगवान, पण इंधन फार पिणारे. टर्बोप्रॉप विमानात तप्त वायूने फिरणारे चक्र प्रोपेलरला गती देते. त्याला इंधन कमी लागते, पण वेग मंद असतो. जेटचा वेग आणि टर्बोप्रॉपची काटकसर एकाच यंत्रात साधावी, असा पियाजिओच्या अभियंत्यांचा बेत होता. वेग वाढविण्याचा सोपा मार्ग म्हणजे अधिक बलवान इंजिन. पण त्याने काटकसर राहत नाही. म्हणून त्यांनी वाऱ्याचा विरोध कमी करण्याचा कठीण मार्ग पत्करला.

येथे शेपटीची कथा सांगणे अवश्य आहे. शेपूट विमानाला उचलून धरण्यास मदत करते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. नेहमीच्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखांच्या उचलीच्या थोडा पुढे ठेवलेला असतो, त्यामुळे नाक खाली झुकू पाहते. ते सावरण्यासाठी शेपटीला विमानाचा मागचा भाग सतत खाली रेटावा लागतो. खांद्यावर काठी टाकून तिच्या एका टोकाला गाठोडे बांधलेला वाटसरू आठवा. गाठोडे पडू नये म्हणून तो दुसरे टोक हाताने खाली दाबून धरतो; आणि त्याच्या खांद्यावर गाठोड्याचा भार तर पडतोच, शिवाय हाताच्या दाबाचाही पडतो. विमानाचे मोठे पंख म्हणजे तो खांदा. शेपटीच्या दाबाचा हा फुकटचा भार वाहण्यासाठी पंख मोठे करावे लागतात, आणि पंख मोठे झाले की वाऱ्याचा विरोधही वाढतो.

आता दोन माणसांनी एका दांडीला घागर अडकवून ती दोन्ही टोकांनी उचलली, तर कोणालाच काही खाली दाबावे लागत नाही. अवांतीच्या नाकाजवळ जे दोन आखूड पंख आहेत, ते या दुसऱ्या माणसाचे काम करतात. पुढून ते उचलतात, मागून मोठे पंख उचलतात, आणि शेपटीला खाली रेटण्याचे काम फारसे उरत नाही. परिणामी मोठे पंखही लहान करता आले. त्यांचे क्षेत्रफळ अवघे १६ चौरस मीटर आहे. पाच टनांहून अधिक वजन घेऊन उडणाऱ्या विमानाच्या मानाने हे फारच थोडे.

मग शेपूट काढूनच का टाकली नाही? अमेरिकेतील बीचक्राफ्ट कंपनीने त्याच सुमारास 'स्टारशिप' नावाच्या विमानात ते धाडस केले. त्याचेही प्रोपेलर मागे आणि छोटे पंख पुढे होते, शेपूट नव्हती. सारा देह कार्बन तंतूंच्या नव्या पदार्थाचा होता. पण वजन वाढत गेले, वेग अपेक्षेहून कमी भरला, आणि ५३ विमाने बांधून काम थांबले. पियाजिओने शेपूट ठेवली आणि विमान तोलण्याचे व वळविण्याचे काम तिच्याकडेच राहू दिले. देहही मुख्यतः परिचित ॲल्युमिनियमचाच केला. नवे किती घ्यावे आणि जुने किती राखावे, हे ओळखण्यात आलेस्सांद्रो मात्सोनी या अभियंत्याची व त्याच्या सहकाऱ्यांची दृष्टी अधिक शहाणी ठरली, असे म्हणावे लागते.

पुढच्या पंखांत सुरक्षिततेचीही एक युक्ती आहे. विमानाचे नाक फार वर गेले, की पंखांवरून वाहणारी हवा सुटते आणि उचल एकाएकी ढासळते. अवांतीत ही आपत्ती प्रथम पुढच्या पंखांवर येते. त्यांची उचल गेली, की नाक आपोआप खाली येते, आणि मोठे पंख हवेवरील आपली पकड गमावीत नाहीत.

प्रोपेलर मागे नेण्याचे कारणही हवेच्या प्रवाहातच आहे. पुढचा प्रोपेलर हवा घुसळून तिचे भोवरे पंखांवर फेकतो. तो मागे असला, म्हणजे पंखांना अस्पर्श हवा मिळते आणि ती त्यांच्या गुळगुळीत पृष्ठावरून थराथराने, शांतपणे सरकते. शिवाय इंजिनांचा गोंगाट प्रवाशांच्या मागे राहतो. मोठे पंख ज्या भक्कम तुळईने देहास जोडलेले आहेत, ती प्रवाशांच्या कक्षाच्या मागून जाते. म्हणून पावणेदोन मीटर उंचीच्या त्या कक्षात बहुतेक माणसांना सरळ उभे राहता येते.

या विमानाने २३ सप्टेंबर १९८६ रोजी पहिले उड्डाण केले. अमेरिकेतील लियरजेट कंपनी १९८३ पासून या कामात भागीदार होती. तिने त्याच वर्षी जानेवारीत अंग काढून घेतले होते. १९९० मध्ये विमानास इटली व अमेरिका या दोन्ही देशांची मान्यता मिळाली. त्याचा कमाल वेग ताशी सुमारे ७४० किलोमीटर भरला, आणि ते साडेबारा हजार मीटरांपर्यंत चढू लागले. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीवरील घनतेच्या चतुर्थांशाएवढीच असते. बीचक्राफ्टचे 'किंग एअर २००' हे रूढ मांडणीचे विमान याच जातीच्या ८५० अश्वशक्तीच्या दोन इंजिनांवर ताशी सुमारे ५३५ किलोमीटर जाते. अर्थात तुलना न्यायाने केली पाहिजे. अवांतीच्या इंजिनांची मूळ शक्ती पुष्कळ अधिक असून ती ८५० वर मर्यादित केलेली आहे. म्हणून विरळ हवेतही त्यांचा जोर टिकतो. तरीही या फरकातील मोठा वाटा विमानाच्या आकाराचाच आहे.

पण मागच्या प्रोपेलरचा एक उपद्रवही आहे. पंखांमागची विस्कटलेली हवा आणि इंजिनांतून बाहेर पडणारे उष्ण वायू यांतून त्याची पाती सतत कापीत जातात, आणि त्यातून एक कर्कश, तीक्ष्ण स्वर उठतो. त्याच उष्ण वायूंमुळे पात्यांवर बर्फ साचत नाही, हा त्यातला लाभ; पण आत बसलेला प्रवासी शांततेची प्रशंसा करीत असता खाली राहणारा माणूस कानांवर हात ठेवतो. २०१४ मध्ये पुढे आलेल्या 'इव्हो' या सुधारित प्रकारात तलवारीसारखी वाकलेली पाती बसविली गेली. तिने आवाज बराच कमी झाला.

व्यापारात मात्र या विमानाचे नशीब त्याच्या वेगास साजेसे निघाले नाही. १९९४ मध्ये कंपनी कर्जात बुडाली. १९९८ मध्ये नवे मालक आले. मोटारींमुळे जगप्रसिद्ध झालेल्या एन्झो फेरारी यांचे पुत्र पिएरो फेरारी त्यांपैकी एक होते. त्यानंतर इटलीच्या सैन्याने व पोलिसांनी ही विमाने घेतली, अमेरिकेतही ती पुष्कळ गेली, आणि एकूण संख्या दोनशेंच्या वर पोहोचली. पण २०१८ मध्ये कंपनी पुन्हा अडचणीत येऊन सरकारी देखरेखीखाली गेली. अखेर २०२४ च्या डिसेंबरात इटलीच्या सरकारने ती तुर्कस्तानच्या बायकार कंपनीस विकण्यास संमती दिली, आणि २०२५ मध्ये हा व्यवहार पुरा झाला. बायकारची ख्याती वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांसाठी आहे. या नव्या धन्याच्या हाती पियाजिओचा विलानोव्हा दाल्बेंगा येथील कारखाना, तेथील कुशल कारागीर आणि तीन पंखांच्या या विमानाचे सारे आराखडे आले.