नवा कोच, जुनी घाई

कोच बदलला की चहाच्या टपरीवर आपली सिलेक्शन कमिटी बसतेच! पण नव्या माणसाला जोखायचं कशावरून? रे रोडच्या आमच्या कट्ट्याने खालिद जमीलच्या निमित्ताने केलेली ही उजळणी.

२ ऑगस्ट २०२५, शनिवार. पाऊस नुसता कोसळतोय. रे रोड स्टेशनबाहेरच्या टपरीवर, निळ्या प्लास्टिकखाली आम्ही चौघं अंग चोरून उभे. आदल्याच दिवशी बातमी आलीय. भारतीय फुटबॉल टीमचा नवा हेड कोच : खालिद जमील. सॅव्हिओ मेदेरा २०१२ मध्ये गेल्यानंतर पहिल्यांदाच या खुर्चीत भारतीय माणूस बसणार. एकूण १७० अर्ज आले होते. शेवटच्या तिघांत आपला जुना कोच स्टीफन कॉन्स्टंटाइनही होता. आणि बाजी मारली कोणी? तर कूपरेजच्या साइडलाइनवर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसाने!

आमच्या कट्ट्यावर लगेच दोन पार्ट्या.

'सॉलिड निवड आहे,' आमचा सीए म्हणाला. 'मानोलो मार्केझ स्पेनहून आला, आठ मॅचमध्ये एक जिंकला. रँकिंग १३३ वर गेलं. आता निदान आपल्या पोरांना ओळखणारा माणूस तरी आला.'

'ओळखून काय करणार? सगळ्यांना गोलसमोर उभं करणार,' मी म्हटलं. मी मँचेस्टर युनायटेडवाला. कोचवर भरवसा ठेवायची सवय आमची कधीच सुटलीय.

चौघांतली एकटी मुलगी, आम्ही तिला मॅडम म्हणतो, चहाच्या ग्लासावर बोटं शेकत होती. तिला त्याच आठवड्यात टीम लीड केलं होतं. नऊ जणांची टीम, त्यातले तिघं नोटिस पीरियडवर, आणि वरून फर्मान : या क्वार्टरमध्ये नंबर दिसले पाहिजेत. ती एवढंच म्हणाली, 'त्याला प्लेअर कोण देणार, ते आधी विचारा.'

दारूखानावाला मात्र गप्प होता. दारूखान्यात त्याच्या वडिलांचं भंगार लोखंडाचं दुकान आहे, तिथे जुन्या जहाजांचा माल येतो. आमच्यात तोच खरा लोकल फुटबॉलचा किडा. कूपरेजला मॅच असली की दुकानातून सटकायचं, हार्बर पकडून सीएसटी गाठायचं आणि तिथून तंगडतोड करत मैदानावर, हा त्याचा कॉलेजातला शिरस्ता. त्याची टीम म्हणजे मुंबई एफसी. आणि मुंबई एफसीचा कोच २००९ पासून २०१६ पर्यंत एकच : खालिद जमील.

'मी त्याला जाम शिव्या घातल्यात यार,' तो शेवटी बोलला. 'अकरा जण मागे, मग एक लांब बॉल, बस्स. वाटायचं, हा गेला की आपण सुटलो. मग तो खरंच गेला.'

पुढचं ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. २०१६-१७ च्या आय-लीग सीझनमध्ये खालिद मिझोरामच्या एझॉल एफसीकडे गेला. ही टीम आदल्याच वर्षी रेलिगेट झाली होती. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडल्यामुळे तिला परत घेतलं गेलं. बजेट लहान, नावं अनोळखी. पण ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून एझॉल चॅम्पियन झालं. ईशान्येकडच्या क्लबने देशाची लीग जिंकायची ही पहिलीच वेळ! आणि मुंबई एफसी? खालिद असेपर्यंत जी टीम एकदाही खाली गेली नव्हती, ती त्याच सीझनमध्ये तळाला राहिली, रेलिगेट झाली, आणि वरच्या लीगमध्ये पुन्हा दिसलीच नाही.

'ज्याला आम्ही बोअरिंग म्हणत होतो ना,' दारूखानावाला म्हणाला, 'त्याच्यामुळे आमची टीम जिवंत होती.'

एवढ्यावर थांबलं असतं तर हा लेख 'खालिद द ग्रेट' म्हणून संपला असता. पण आमच्यात एक सीए आहे! त्याने पुढचा हिशोब मांडला. नॉर्थईस्ट युनायटेड, जानेवारी २०२१. मधल्या सीझनमध्ये खालिद हंगामी कोच झाला आणि टीमला थेट सेमीफायनलमध्ये घेऊन गेला. आयएसएलमध्ये भारतीय कोचने टीम प्लेऑफला नेल्याची ती पहिली घटना. क्लबने खूश होऊन त्याला कायम केलं. पुढच्या सीझनमध्ये त्याच क्लबचा नंबर अकरापैकी दहावा. कोच तोच, डोकं तेच. मग बदललं काय? टीम, दुखापती, नशीब, सगळंच थोडं थोडं.

आपण फॅन लोक नेमकं हेच मोजत नाही. आपल्याला नाव कळतं. आपल्याच मुंबई सिटीचं बघा. २०१४ मध्ये पीटर रीड आला, आठपैकी सातवे. २०१५ मध्ये निकोलस अनेल्का, म्हणजे केवढं नाव! नंबर सहावा. २०२१ मध्ये डेस बकिंगहॅम नावाचा छत्तीस वर्षांचा इंग्लिश माणूस आला, तेव्हा 'हा कोण?' असंच आम्ही विचारलं होतं. पहिल्या सीझनमध्ये प्लेऑफही हुकलं. पण २०२२ मध्ये त्याच्याच टीमने इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं आणि एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय नोंदवला. पुढच्या सीझनमध्ये लीग शील्डही आली. माझ्या युनायटेडची गोष्ट तर जगजाहीर आहे. फर्ग्युसन १९८६ ला आला, पहिला कप १९९० ला. डेव्हिड मॉइसला सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि पहिला सीझन संपायच्या आत घरी पाठवलं.

पुढची भेट १८ ऑक्टोबरला, ऐन धनत्रयोदशीच्या संध्याकाळी. दारूखान्यातली दुकानं धुऊनपुसून लख्ख, दारात तोरणं. आमची तोंडं मात्र पडलेली.

खालिदची सुरुवात झकास झाली होती. २९ ऑगस्टला पहिल्याच मॅचमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ ने हरवलं. मोहन बागानने त्या स्पर्धेला प्लेअर सोडले नव्हते, तरीही पेनल्टी शूटआऊटमध्ये ओमानला हरवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा नंबर मिळवला. मग आला सिंगापूर. तिथे १-१. आणि १४ ऑक्टोबरला मडगावात छांगतेने आधी गोल मारूनही १-२. २०२७ च्या आशियाई कपचं दार बंद! (पुढे नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशनेही हरवलं.)

'झालं, आता हाकला,' मी म्हटलं. सवयीने.

'जुलैपासून आयएसएल ठप्प आहे,' मॅडम एकदम तडकली. 'प्लेअर महिनोन्महिने लीगची एक मॅच खेळले नाहीत. त्यात ग्रुपमधल्या पहिल्या दोन मॅच मार्केझच्या काळातल्या, मिळाले किती, एक पॉइंट. हे सगळं याने केलं का?'

'पण घरच्या मैदानावर लीड घेऊन हरलो, ते तर याचंच ना?' दारूखानावाल्याने शांतपणे विचारलं. एवढा खालिदभक्त, पण हिशोबाला पक्का.

मॅडमने मान हलवली. 'ते त्याचंच. तेवढंच त्याच्या नावावर लिहा.'

तिथेच टिश्यू पेपरवर आमची चेकलिस्ट तयार झाली.

नवा कोच आलाय? हे चार प्रश्न विचारा

१. मागच्या टीममध्ये त्याला काय मिळालं होतं आणि त्याने त्याचं काय केलं? नुसते कप मोजू नका.

२. इथे प्लेअर कोण निवडतं? कोच, की चेकबुकवाला?

३. खड्डा किती जुना आहे? आदल्याच्या चुका नव्याच्या खात्यात टाकू नका.

४. हातात असलेल्या गोष्टी तो सुधारतोय का? चेंज कधी करतो, लीड टिकवतो का, नवी पोरं उतरवतो का? इथे मात्र माफी नाही.

सीएने तो टिश्यू घडी घालून खिशात ठेवायला घेतला. मॅडमने तो त्याच्या हातातून काढून घेतला. दिवाळीनंतर तिचा रिव्ह्यू होता. तिघं गेले ते गेलेच, त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं, आणि क्वार्टरचे नंबर दिसत नव्हते.

'चौथ्या प्रश्नात मीही दोन ठिकाणी मार खाल्लाय,' ती म्हणाली. 'ते मी स्वतःच सांगणार आहे. फक्त पहिले तीन त्यांनी विचारायला हवेत.'

दारूखानावाल्याने चहाचे पैसे दिले. आम्हाला दुकानात पूजेला चला म्हणाला. जाता जाता मी मोबाइलवर युनायटेडचा स्कोअर बघणार होते. नाही बघितला.