थांबून ऐकण्याची विद्या

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर जी मराठी कुटुंबे त्या सुमारास इकडे आली, त्यांत आमचे वडील होते. तात्या टोपे नगरात, म्हणजे सर्वांच्या तोंडच्या टी. टी. नगरात, त्यांना सरकारी क्वार्टर मिळाले आणि तेथेच आम्ही लहानाचे मोठे झालो. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी, हा आमच्या घरचा नियम. आम्ही मराठी घेऊन एम. ए. केले आणि पोटासाठी हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकवू लागलो. आज मुख्याध्यापक आहोत. 'स्पष्ट बोल', 'पूर्ण वाक्यात सांग', 'अडखळू नकोस' ही वाक्ये आम्ही जन्मभर मुलांना ऐकवली. बोलणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे मात्र आमच्या पत्नीची वाचा गेल्यावर कळले.

घरचे दुःख चारचौघांत मांडण्याचा संकोच होता. परंतु पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश माणसांच्या भाषेवर त्याचा आघात होतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. तेव्हा या मासिकाच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी हा प्रसंग आला असेल. आमच्या चुकांचा त्यांना उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने हे लिहितो आहोत.

त्या रविवारचे पाच तास

२०२३ सालच्या दिवाळीनंतरचा रविवार होता. सकाळी सहाच्या सुमारास पत्नी चहा घेऊन आली आणि कप तिच्या उजव्या हातून निसटला. 'काय झालं गं?' म्हणून विचारले, तर ती जे बोलली त्यात एकही शब्द ओळखीचा नव्हता. ओठाचा उजवा कोपरा किंचित ओघळला होता. सणाच्या दगदगीने थकवा आला असेल, साखर उतरली असेल, असा तर्क करून आम्ही तिला साखरपाणी पाजले आणि निजवले. झोप झाली की बरे वाटेल, हा आमचा हिशेब. अकराच्या सुमारास शेजारच्या वहिनी सहज डोकावल्या आणि तिला पाहताच त्यांनी गाडी बोलावली. इस्पितळात सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती.

अशी गुठळी विरघळवणारे औषध आहे. मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची स्कॅनने खात्री करून ते देतात; पण लक्षणे दिसू लागल्यापासून साडेचार तासांच्या आत ते द्यावे लागते. आमचे साडेचार तास उशाशी बसून राहण्यात गेले होते. रक्तपुरवठा तुटल्यावर दर मिनिटास मेंदूतील सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हा आकडा आम्ही नंतर वाचला, आणि अजूनही कधी कधी रात्री त्याचा गुणाकार करीत जागे राहतो.

वाचकहो, निदान एवढे पाठ करावे. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे बिघडणे, यांपैकी एक जरी एकाएकी दिसले तरी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी, १०८ ला फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले इस्पितळ तत्काळ गाठावे. तोंडाने काहीही देऊ नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते आणि घोटभर पाणीही श्वासनलिकेत उतरू शकते. आमचे साखरपाणी ही त्या दिवशीची दुसरी चूक होती.

एकच शब्द

पंधरा दिवसांनी ती घरी आली. उजवा हात निर्जीव, चालताना पाय ओढलेला, आणि तोंडी एकच शब्द: 'बरं'. चहा हवा का, बरं. नको का, तरीही बरं. दुखते आहे का, बरं.

असे एकाच शब्दावर अडकणे या विकारात नवे नाही. पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळात एक रुग्ण वर्षानुवर्षे 'तां' एवढाच उच्चार करीत असे. १८६१ साली तो वारल्यावर डॉ. पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा भाग नासलेला आढळला. बोलण्याची जुळवाजुळव मेंदूच्या त्या भागाशी निगडित आहे, हे त्यातून पुढे आले. १८७४ साली जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार वर्णिला. त्यात मेंदूच्या मागच्या भागास इजा झालेली असते. माणूस भराभर बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट उमगत नाही. या सर्व विकारास मराठीत वाचाघात म्हणतात. डॉक्टर अफेझिया म्हणतात.

वाचाघातात जीभ जाग्यावर असते आणि कानही शाबूत असतात. बुद्धीही असते. मनातील अर्थ आणि त्याचा शब्द यांच्यामधली वाट मात्र खचलेली असते. बोलता येत नाही तर लिहून दाखवील, अशा समजुतीने आम्ही शाळेतून पाटी आणली आणि पेन्सिल तिच्या डाव्या हातात दिली. तिने बराच वेळ पाटीकडे पाहिले आणि एक आडवी रेघ ओढून पाटी बाजूला सारली. लेखन हीही भाषाच. बोलण्याबरोबर तीही बहुधा दुखावते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. येणारे-जाणारे तिच्यासमोर मोठ्याने, लहान मुलाशी बोलावे तसे बोलत; कोणी तिच्यादेखत 'यांना समजतं का हो?' असे आम्हांस विचारी. कोणी कबुतराच्या रक्ताचे मालिश सुचवले. ती सारे ऐकत होती.

पण सर्वांत मोठा अन्याय आम्हीच केला. २०२४ च्या संक्रांतीला आम्ही तिला विचारले, 'यंदा हळदीकुंकू नको ना गं करायला?' ती म्हणाली, 'बरं.' आम्ही वस्तीतील बायकांना तसे कळवून मोकळे झालो. ठरल्या दिवशी दुपारी पाहतो, तर तिने डाव्या हाताने कपाटातून काळी चंद्रकळा ओढून काढलेली आणि दारासमोर खुर्ची घेऊन बसलेली. दिवेलागणीपर्यंत ती तशीच बसली. कोणी आले नाही. मग ती रडली, आणि रडतानाही तोंडातून तोच शब्द येत होता.

मराठीचा एम. ए. असून एका शब्दाचा अर्थ आम्हांस लावता आला नव्हता. आपल्याला सोयीचे होते, तेच उत्तर आम्ही तिच्या तोंडून घेतले होते. त्या दिवसापासून घरात एक पुठ्ठा आला. त्यावर एका बाजूस हिरव्या रंगात 'होय', दुसऱ्या बाजूस तांबड्या रंगात 'नाही'. विचारायचे एकदा सरळ, एकदा उलट. दोन्ही उत्तरे जुळली तरच निर्णय करायचा.

कोणत्या भाषेत बरे व्हायचे?

वाचोपचार करणाऱ्या, ज्यांना सर्वत्र स्पीच थेरपिस्ट म्हणतात, त्या बाई आमच्या मुलीच्या वयाच्या आणि हिंदीभाषी. त्यांनी चित्रांचे पत्ते दिले: पानी, चम्मच, रोटी, दरवाज़ा. काही आठवड्यांनी एके दिवशी पत्नीने चमचा उचलला आणि मोठ्या कष्टाने म्हणाली, 'चम्मच.' आम्ही सवयीने लगेच दुरुस्त केले, 'चमचा म्हण.' तिचा चेहरा उतरला. पुढे दोन दिवस तिने पत्त्यांना हात लावला नाही.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. दोन भाषा बोलणाऱ्याची वाचा गेली तर आधी कोणती परततो, हा प्रश्न जुना आहे. फ्रेंच विद्वान रिबो यांचे मत असे की लहानपणी शिकलेली भाषा आधी येते. पीत्र यांनी १८९५ साली मांडले की आजाराच्या वेळी जी अधिक वापरात असेल ती येते. पुढील अनुभव असा की पुष्कळांच्या दोन्ही भाषा बरोबरीनेच सुधारतात, मात्र अपवादही बरेच असतात. बाईंनी आम्हांस सोप्या शब्दांत सांगितले, 'जिस भाषा में आ रहा है, आने दीजिए.' आणि घरचे शब्द घरच्या भाषेत आम्हीच करावेत, असेही सुचवले.

मग आम्ही एक शब्दवही केली. एका पानावर एक चित्र किंवा छायाचित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत शब्द: वरण, पोळी, पोळपाट, देवघर, कुंकू, मुलगी, जावई, नात. बाईंच्या पत्त्यांत फोडणी कोठून असणार? आणि आमच्या पत्नीच्या आयुष्यात ती दिवसातून दोनदा होती. रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी वीस मिनिटे आणि संध्याकाळी वीस मिनिटे, असा पाठ सुरू झाला. ती दमली की थांबायचे. थकलेल्या मेंदूला शब्द सापडत नाहीत.

त्या वर्षी मे महिन्यात नागपूरची नात सुटीला आली. दिवेलागणीला ती देवापुढे शुभंकरोती म्हणू लागली आणि मागून दुसरा आवाज आला. पत्नी म्हणत होती, शब्द न शब्द, चालीसकट. आमच्या हातची उदबत्ती तशीच राहिली. उतावळेपणाने आम्ही लगेच म्हटले, 'आता पाणी म्हण!' तिने ओठ हलवले. 'बरं,' ती म्हणाली.

हेही शास्त्राला माहीत आहे. १७४५ साली स्वीडनमध्ये ओलोफ दालिन यांनी अशा माणसाची नोंद केली, की ज्याला बोलता येत नसे, पण स्तोत्रे गाता येत. पाढे, वारांची नावे, प्रार्थना, आरत्या हे घोकलेले शब्द विचार करून रचलेल्या बोलण्याहून वेगळ्या वाटेने येतात असे दिसते. चालीच्या कामात मेंदूच्या उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो. म्हणून पाठांतर आले की बोलणेही आले, असे होत नाही. परंतु चालीचा आधार घेऊन शब्द शिकवण्याची एक पद्धत १९७३ साली अमेरिकेत मांडली गेली, आणि बाईंनी तीही करून पाहिली. 'पाणी हवं' हे दोन शब्द ठेक्यात, डाव्या हाताने मांडीवर ताल धरून म्हणायचे. जून-जुलै त्या दोन शब्दांत गेला. ऑगस्टमध्ये ती ताल न धरता म्हणाली, आणि आम्ही पाणी आणले.

'थांबा'

शब्द येऊ लागले तशी आमची एक खोड उघडी पडली. ती 'भा...' म्हणाली की आम्ही 'भाजी? भात? भांडी?' अशी सरबत्ती करीत असू. वर्गात मुलगा अडला की पुढचा शब्द पुरवायचा, ही तीस वर्षांची सवय. नवरात्रात एकदा ती असेच काही सांगू पाहत होती आणि आम्ही अर्धा डझन शब्द पुढे केले. तिने डावा तळहात उभा धरला आणि म्हणाली, 'अहो... थांबा.'

अकरा महिन्यांत 'अहो' प्रथमच ऐकले. आम्ही थांबलो. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अर्धा फेरा फिरून गेला. मग ती म्हणाली, 'भाऊबीज.' तिला भावाला बोलवायचे होते. आमच्या भाजी-भांड्यांच्या यादीत तो शब्द शेवटपर्यंत आला नसता.

तेव्हापासून आमचा अभ्यास सुरू झाला आहे. दूरदर्शन संच बंद करायचा, समोर बसायचे, एका वेळी एकच गोष्ट विचारायची, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचे. शब्द मागितल्याखेरीज पुरवायचा नाही. चुकला तरी अर्थ कळला असेल तर दुरुस्त करायचा नाही. समजले नाही तर समजल्याचे सोंग करायचे नाही. घरखर्चाचे, देण्याघेण्याचे निर्णय तिला विचारून करायचे. त्याला वेळ लागतो, तो द्यायचा.

स्वीडनचे कवी तुमास त्रान्सत्रोमर यांना १९९० साली पक्षाघात झाला. वाचा आणि उजवा हात गेला. तरीही त्यांचे कवितासंग्रह त्यानंतर निघाले, डाव्या हाताने ते पियानो वाजवीत राहिले आणि २०११ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे जगापर्यंत पोहोचवण्यात पत्नी मोनिका यांचा मोठा वाटा होता. आमच्या घरी नोबेल येणार नाही. भाऊबीजेला भाऊ आला, ते पुष्कळ झाले.

ज्यांच्यावर हा प्रसंग आहे त्यांच्यासाठी आणखी थोडे. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत झपाट्याने होते, पण तेथे संपत नाही. वर्षांनंतरही शब्द येतात. पक्षाघातानंतर सुमारे तिघांतील एकास खिन्नतेचा आजार जडतो. त्यावर औषध आहे, आणि डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघाताने आलेल्या कायमच्या वाणी-भाषा दोषाचा समावेश आहे. त्याचा दाखला मिळू शकतो. भोपाळात खजुरी कलाँ मार्गावर केंद्र सरकारचे पुनर्वसन केंद्र आहे, त्यास सीआरसी म्हणतात. मुंबईस वांद्र्याला अली यावर जंग संस्था आणि म्हैसुरास १९६५ पासून चालणारी अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. आणि सेवा करणाऱ्याने आठवड्यातून एखादी दुपार शेजाऱ्यावर सोपवून बाहेर पडावे. आम्ही न्यू मार्केटपर्यंत पायी जाऊन येतो. एवढ्यानेही परतल्यावर आवाज खाली येतो.

२०२५ च्या संक्रांतीस आमच्याकडे हळदीकुंकू झाले. आम्ही दारातच प्रत्येक वहिनींना एक विनंती केली: ती बोलू लागली की मध्ये बोलू नका. काळी चंद्रकळा नेसून ती बसली होती. डाव्या हाताने तिळगुळाची वडी पुढे करून ती म्हणाली, 'तिळगूळ घ्या...' आणि पुढचे अडले. खोलीत आठ-दहा बाया होत्या, ते दोन शब्द प्रत्येकीला येत होते. कोणी पुरवले नाहीत. बांगडी वाजली तेवढीच. मग तिचे तिलाच सापडले, आणि तिने म्हटले. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो. इतके वर्ग घेतले, पण इतकी शांतता आमच्या कोणत्याही वर्गात कधी मिळाली नव्हती.