शेळगांवचें धान्य आणि घरचा पाव



पुणें जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यांत शेळगांव नांवाचें गांव आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या मुलुखांत पुढें उसाची लागवड वाढली. पण या कोरड्या मुलुखाचें मूळचें अन्न म्हणजे बाजरी आणि रब्बीची ज्वारी, जिला आपण शाळू म्हणतों. शहरांतील घरांत मात्र भाकरी मागें पडत चालली आहे. ती थापण्यास हात बसावा लागतो, आणि तव्यावरून थेट ताटांत आली तरच ती गोड लागते. मुलांच्या डब्यांत जातात ते पावाचे काप. तेव्हां शेळगांवकडचें हें धान्य त्या कापांतच घालतां येईल काय, याचा आज विचार करूं.

पाव आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. गोव्याच्या पोदेरांनीं माडाच्या सुरेनें पीठ फुगविलें. पाव म्हटला कीं गहू, हें समीकरण पूर्वींपासूनचें आहे, आणि त्यास कारणही आहे. गव्हाचें पीठ पाण्यांत मळलें कीं त्यांत ग्लूटेनचें चिवट जाळें तयार होतें. यीस्ट पिठांतील साखर खाऊन वायु सोडतें. तो या जाळ्यांत अडकतो व गोळा फुगतो. ज्वारी, बाजरी व नाचणी यांत ग्लूटेन नाहीं. त्यांचें पीठ कोरडेंच मिसळलें तर पाव दडस होतो आणि दुसऱ्या दिवशीं त्याचा भुगा पडतो. पुष्कळ घरीं प्रयोग येथेंच संपतो.

यावरील उपाय भाकरी करणाऱ्या बाईस ठाऊक असतो. पिठाची विरी गेली कीं ती त्यांत आधणाचें पाणी घालते. उकळत्या पाण्यानें पिठांतील पिष्टमय कण फुगतात, पाणी धरून ठेवतात आणि पीठ मिळून येतें. हीच उकड पावाच्या कामीं येते.

कृति अशी: ज्वारीचें ६० ग्रॅम आणि बाजरीचें किंवा नाचणीचें ४० ग्रॅम पीठ घेऊन त्यावर १५० मिलिलिटर उकळतें पाणी ओतावें, ढवळावें व झाकून ठेवावें. उकड कोमट होऊं द्यावी. यीस्ट सजीव आहे, कढत पिठांत तें मरतें. १५० मिलिलिटर कोमट पाण्यांत एक मोठा चमचा गूळ व ५ ग्रॅम कोरडें यीस्ट घालून फेस येऊं द्यावा. मग ३०० ग्रॅम कणीक, ७ ग्रॅम मीठ, दोन चमचे तेल व थोडे तीळ घेऊन सर्व एकत्र करून दहा मिनिटें मळावें. गोळा पोळीच्या कणकेपेक्षां सैल व हातास किंचित् चिकटणारा हवा. वरून पीठ भुरभुरण्याचा मोह टाळावा.

गोळा दुप्पट होण्यास उन्हाळ्यांत तासभर पुरतो, थंडींत दोन तासही लागतात. म्हणून घड्याळाकडे न पाहतां गोळ्याकडे पाहावें. नंतर तो तेल लावलेल्या साच्यांत ठेवावा. काठाशीं आला कीं २०० अंश सेल्सिअसवर तापलेल्या ओव्हनमध्यें ३५ ते ४० मिनिटें भाजावा. तळाशीं टिचकी मारून पोकळ आवाज आला म्हणजे पाव झाला. पूर्ण निवण्यापूर्वीं मात्र कापूं नये. आंतून ओला राहतो.

या पावांत भरड धान्याचा वाटा चौथाई आहे. पहिल्या वेळीं अधिक लोभ नको. नाचणीच्या १०० ग्रॅममध्यें सुमारें ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, गव्हाच्या पिठांत जेमतेम ३०. तेव्हां थोडी नाचणीही वायां जात नाहीं. बाजरीचें पीठ लौकर खवट होतें. तें थोडें थोडें दळून आणावें. विकतच्या बहुधान्य पावाच्या पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानें छापलेले असतात, ते वाचावे. तांबूस रंग कॅरमेलनेंही येतो.

ज्यांस गहू वर्ज्य आहे त्यांस हा पाव चालणार नाहीं. त्यांनीं भाकरीच खावी. इतरांनाही ती सोडा असें माझें सांगणें नाहीं. ज्या घरीं भाकरी होते तेथें ती होत राहो. जेथें ती थांबली आहे, तेथें निदान तें धान्य तरी घरांत राहील.