'ख्रिस्त' ही उपाधी आणि मराठीतील ख्रिस्तेतर येशू

'येशू ख्रिस्त' ही दोन पदे मराठीत इतकी एकजीव झाली आहेत की, दुसरे पद जणू आडनावच वाटते. वस्तुतः 'ख्रिस्त' ही उपाधी होय. 'अभिषिक्त' या अर्थाच्या हिब्रू 'मशीहा' शब्दाचा तो ग्रीक पर्याय. म्हणजे 'ख्रिस्त' म्हणणे हाच मुळात एक श्रद्धानिर्णय असून, ख्रिस्ती नसलेल्या मराठी भाषकाने येशूचे काय केले हे पाहताना या उपाधीचे काय झाले, ते प्रथम पाहावे लागते.

पनवेल येथे बेने इस्रायल समाजाचे बेथ एल हे सिनेगॉग १८४९ पासून आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात 'शनवार तेली' या नावाने ओळखला गेलेला हा समाज मराठी भाषक. एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सन प्रभृती मिशनऱ्यांनी त्याच्यासाठी शाळा काढल्या. विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणही सिद्ध केले. समाजाने ही विद्या घेतली, मराठीत उतरलेले मोशेचे ग्रंथ घेतले. परंतु ख्रिस्तस्वीकार केला तो अगदी थोड्यांनी. ज्याला मिशनरी 'जुना करार' म्हणत, तो या समाजाच्या लेखी जुना नव्हताच, कारण नवा करार झाल्याचे त्यास मान्य नव्हते. मशीहा अद्याप यावयाचा आहे, ही यहुदी धारणा. तेव्हा तेथे 'येशू' हे नाम राहते, उपाधी गळते.

इस्लाममध्ये नेमके उलट घडते. कुराणात ईसा हा मरियमचा पुत्र, कुमारीपासून जन्मलेला प्रेषित आहे आणि 'अल्-मसीह' ही उपाधीही त्यास दिलेली आहे. नाकारले आहे ते त्याचे ईश्वरपुत्रत्व आणि क्रूसावरील मरण. उपाधी आहे, परंतु तिच्यातील ख्रिस्ती आशय नाही.

हिंदू प्रतिसादाचे एक टोक म्हणजे विष्णुबुवा ब्रह्मचारी. रायगड जिल्ह्यातील शिरवली येथे जन्मलेल्या बुवांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. दुसरे टोक विनोबांचे. ते पनवेलशेजारच्या पेण तालुक्यातील गागोद्याचे. त्यांचे 'ख्रिस्तधर्म-सार' हे नव्या करारातील वेच्यांचे संकलन आदरापोटी झाले आहे, यात शंका नाही. तथापि 'सार' काढणे हीसुद्धा एक भूमिकाच आहे. सर्व धर्मांचे सार काढता येते असे मानले, की येशू अनेक सत्पुरुषांपैकी एक होतो. ख्रिस्ती श्रद्धेचा दावा मात्र त्याच्या एकमेवत्वाचा आहे. विष्णुबुवांनी तो दावा निदान समोर ठेवून झुंज दिली. विनोबांच्या सौजन्यात तो अलगद बाजूला पडतो. आदर म्हणजे सहमती नव्हे, हे आपल्याकडील सर्वधर्मसमभावाच्या चर्चेत वारंवार विसरले जाते.

सर्वांत स्वतंत्र आकलन जोतीराव फुले यांचे. 'गुलामगिरी'त (१८७३) ते येशूला बळीराजा म्हणतात. हा मिशनरी शिक्षणाचा निव्वळ प्रभाव, अशी सोपी वासलात वर्गात पुष्कळदा लावली जाते. ती अपुरी आहे. फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले हे खरे. पण मिशनऱ्यांचा येशू पापमोचक, तर फुले यांचा येशू गुलामीमोचक. वामनाने पाताळात घातलेला बळी हा शेतकऱ्यांच्या स्मृतीतला न्यायी राजा. त्याचे राज्य परत यावे, ही इच्छा दिवाळीच्या सुमारास घरोघर बोलली जाते. फुले यांनी येशूला या स्मृतीत आणून बसविले. 'अभिषिक्त' या शब्दाच्या मुळाशी राजाभिषेकाचीच कल्पना आहे. तेव्हा फुले यांनी उपाधी टाकली नाही, तिचे देशी भाषांतर केले, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. 'बळी' या शब्दाला मराठीत बलिदानाचीही छाया आहे, हा आणखी एक योग.

याच्याशेजारी नारायण वामन टिळक ठेवून पाहावेत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनीही येशूला मराठी रूप दिले, अभंगातून आळविले, गुरू मानले. परंतु त्यांच्या रचनेत देशी आहे तो वेष. आतील ख्रिस्त उपासनेचा विषय आहे. फुले यांच्या येशूची उपासना होत नाही. 'गुलामगिरी' ज्या वर्षी निघाली, त्याच वर्षी २४ सप्टेंबरला स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने निर्मिक आणि माणूस यांच्यात मध्यस्थ नको, असे तत्त्व मांडले. त्याचा रोख भटभिक्षुकांवर होता. पण ख्रिस्ती धर्मशास्त्र ज्याला देव व मनुष्य यांच्यातील एकमेव मध्यस्थ म्हणते, त्यालाही या तत्त्वात जागा उरत नाही.