पाऊस रुसला तरी चूल पेटावी म्हणून

कुंदगोळ म्हटले की मराठी रसिकांना आठवतात ते सवाई गंधर्व, म्हणजेच रामभाऊ कुंदगोळकर, आणि त्यांच्याकडे राहून गाणे शिकलेले पं. भीमसेन जोशी. एकेकाळी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात असलेले हे गाव हुबळीपासून वीसेक किलोमीटरवर आहे. याच तालुक्यातल्या तीर्थ या लहानशा गावाचे नाव २०२५ साली जगभर गेले. यावेळी निमित्त गाण्याचे नव्हते, बियाण्याचे होते.

तिथल्या ‘बीबी फातिमा’ महिला बचत गटाला त्या वर्षीचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. निसर्ग राखून आपले जगणे सावरणाऱ्या गावकऱ्यांना संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमातर्फे हा पुरस्कार दिला जातो. २०१८ साली पंधरा जणींनी हा गट सुरू केला. ‘सहज समृद्ध’ या संस्थेच्या मदतीने त्यांनी गावात बियाणे बँक उभारली, कोरडवाहू रानात भरडधान्ये परत आणली आणि ती कांडून देणारे केंद्रही चालवायला घेतले.

भरवसा कशाचा धरायचा?

धारवाड जिल्ह्याच्या पश्चिमेला, कलघटगीकडे, मलनाडाचा पाऊस. पूर्वेला कुंदगोळ, नवलगुंदकडे मात्र काळी कोरडवाहू राने. तिथला शेतकरी पूर्वीपासूनच आभाळाकडे डोळे लावून बसणारा. आता तर त्या आभाळाचाच नेम राहिलेला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरबरोबर उत्तर कर्नाटकही महापुरात बुडाले. पुढे चारच वर्षांनी, २०२३ मध्ये, कर्नाटकातले २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. तापलेली हवा जास्त बाष्प धरून ठेवते. त्यामुळे पडतो तेव्हा पाऊस कोसळतो आणि दोन पावसांमधली उघडीप लांबते.

अशा वेळी सगळ्या रानात एकच नगदी पीक म्हणजे एकाच पत्त्यावर लावलेला डाव. बी-बियाणे, खत, औषध सारे उधारीवर आणायचे, आणि ऐन फुलोऱ्यात पावसाने दडी मारली की घरात दाणा नाही नि डोक्यावर कर्ज. आपल्या आजोबा-पणजोबांना हे ठाऊक होते. ते एकाच रानात ज्वारी, तूर, मटकी, राळा मिसळून पेरत. एक गेले तरी दुसरे हाती लागे. वेळा अमावास्येला शेतात शिजणारी भज्जी आठवा. तिच्यात इतक्या तऱ्हेच्या शेंगा-भाज्या पडतात, कारण रानातही तितक्याच तऱ्हा असत. राळ्यासारखे पीक तर तीन महिन्यांच्या आत घरात येते आणि थोडक्या ओलीवर तग धरते.

मग ही धान्ये गेली कुठे?

रेशनचा तांदूळ आला हे एक कारण झाले. दुसऱ्या कारणाची चर्चा फारशी होत नाही. ज्वारी-नाचणीला मळणीनंतर कांडावे लागत नाही. राळा, वरी, कोद्रा यांचे टरफल मात्र चिवट. ते काढायचे म्हणजे उखळ-मुसळ आणि घरच्या बाईचे खांदे. पसाभर दाण्यासाठी तासभर घाम गाळावा लागत असेल, तर त्या धान्याला कोण घरात घेणार? म्हणून तीर्थमधल्या कांडप केंद्राचे मोल बियाणे बँकेइतकेच आहे. बायकांचे कष्ट कमी झाल्याशिवाय जुने धान्य ताटात परत येत नाही, हे त्यांनी ओळखले.

बियाणे बँकेचा साधारण रिवाज सोपा असतो: पेरणीला बी न्यायचे आणि सुगीला त्याहून थोडे जास्त परत करायचे. नगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे असेच जपले आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या त्या मानकरी ठरल्या. राखेत घोळवून, कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात बी राखणे हे पूर्वी घरोघरच्या बाईचेच काम होते. ते हातचे गेले आणि दर पेरणीला दुकानाची पायरी चढणे आले.

अर्थात भरडधान्य ही जादूची कांडी नव्हे. काळ्या रानात पाणी साचून राहिले तर तेही कुजते. केंद्र सरकारचा हमीभाव ज्वारी, बाजरी, नाचणीला आहे. राळा, वरी, कोद्र्याला नाही. म्हणजे पिकवणाऱ्याची भिस्त उरते ती घेणाऱ्यावर.

आणि घेणारे आपण आहोत. हुबळी-धारवाड, बेळगावच्या स्वयंपाकघरात आठवड्यातून दोनदा तांदळाऐवजी राळा शिजला, तर कुंदगोळच्या रानात त्याचा एखादा पट्टा टिकेल. करायलाही अवघड नाही. राळा धुऊन अर्धा तास भिजवावा, दुप्पट पाण्यात मऊ शिजवावा आणि वर आमटी किंवा ताक घ्यावे. मुलांना खिचडी करून दिली तर ती तक्रार करत नाहीत.

हवामान बदलावर दिल्ली-न्यूयॉर्कला परिषदा होतात, त्या व्हायलाच हव्यात. पण पुढचा पाऊस चुकला तर गावात पेरायला बी आहे का, कोठीत दाणा आहे का आणि शेजारणीला उसने देण्याइतका तो आहे का, हे तीर्थच्या पंधरा जणींनी आधी पाहिले. आपल्या गावात हे कोण पाहते आहे, याची चौकशी बचत गटाच्या पुढच्या बैठकीत जरूर व्हावी.